गर्दपासून मेथाडोनपर्यंत

गर्द म्हटले की मराठी माणसाला झाडी आठवायची. १९८०च्या दशकात या शब्दाला दुसराच अर्थ चिकटला. मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, पुड्यांतून मिळू लागली. चांदीच्या कागदावर ती ठेवायची, खालून काडी पेटवायची आणि धूर नळीने ओढायचा. घरातली भांडी नाहीशी होऊ लागली, की मग आईबापांना कळायचे.

अनिल अवचटांनी यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. ते उभे केले मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. औषधे फक्त पहिल्या काही दिवसांची, ‘टर्की’ सोसता यावी म्हणून. पुढे गटसभा, समुपदेशन, कुटुंबाची साथ आणि नशा संपूर्ण बंद. अनेक घरे यातून सावरली. पण जो पुन्हा पुन्हा घसरतो, त्याचे काय?

हा प्रश्न तातडीचा केला एचआयव्हीने. योगायोग असा, की भारतात या विषाणूचा पहिला पुरावा मिळाला तोही १९८६मध्येच, चेन्नईत, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पुढाकाराने. त्या माहेरच्या गायतोंडे. पुढे वडिलांच्या नावाने त्यांनी एड्ससाठी केंद्र काढले. दशक संपता संपता मणिपुरात सुईने हेरॉइन घेणाऱ्यांमध्ये विषाणू झपाट्याने पसरल्याचे दिसले. एका सुईने चौघांनी टोचून घ्यायचे. विषाणूला याहून सोपी वाट कोणती? कायमची नशा सुटेपर्यंत थांबायला आता वेळ नव्हता.

उत्तर खरे तर जुने होते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनीत वेदनाशामक म्हणून बनलेले मेथाडोन न्यूयॉर्कमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल आणि डॉ. मेरी निस्वांडर यांनी १९६४पासून हेरॉइनच्या रुग्णांना देऊन पाहिले. हे औषध तोंडाने घ्यायचे. त्याचा परिणाम दिवसभर टिकतो, टर्की लागत नाही, सुई लागत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. ‘एक नशा सोडवायला दुसरी’ हा आक्षेप तेव्हापासूनचा. मलाही तो एके काळी पटत असे. पण मधुमेह्याला रोज इन्शुलिन देताना आपण त्याला व्यसनी म्हणतो का?

भारताने आधी ब्युप्रेनॉर्फिन हे जिभेखाली ठेवायचे औषध निवडले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने २००७नंतर ते पर्यायी उपचार म्हणून स्वीकारले. मेथाडोनची वाट अधिक अवघड होती, कारण १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा कडक होता. २०१२च्या सुमारास मोजक्या रुग्णालयांत प्रयोग झाले. २०१४च्या दुरुस्तीनंतर मेथाडोन ‘अत्यावश्यक’ अमली औषधांच्या यादीत आले. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने तर व्यसनी माणसाला स्वच्छ सुई देणे हा गुन्हा नाही, हे स्पष्टच केले.

एचआयव्हीची औषधे सरकारने एप्रिल २००४पासून मोफत द्यायला सुरुवात केली. इथे एक बारकी अडचण होती. नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेन्झ ही जुनी औषधे शरीरातले मेथाडोन लवकर संपवतात. क्षयाच्या रिफाम्पिसिनचेही तसेच. मग गोळ्या सुरू होताच रुग्णाला टर्की लागते. त्याला वाटते, नव्या गोळ्यांनीच घात केला. तो त्या सोडतो आणि पुडीकडे वळतो. मात्रा वेळीच वाढवणारा डॉक्टर भेटला नाही, तर दोन्ही उपचार बुडतात. आता दिले जाणारे डोल्युटेग्राव्हिर मेथाडोनला असा त्रास देत नाही.

राहतो प्रश्न अंतराचा. मेथाडोन परिचारिकेसमोर गिळायचे असते, तेही रोज. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या वरवंडच्या एखाद्या मुलाला केंद्र पुण्यातच मिळणार असेल, तर साठेक किलोमीटर जायचे आणि तितकेच यायचे. महिन्यातून एकदा गोळ्या आणायला आई-वडील रजा काढून बरोबर जातील. पण रोज कोण जाणार? उसाची तोड अंगावर आलेली असताना तर नाहीच. एखाददुसरा डोस घरी न्यायला द्यावा, तर बाटली बाजारात विकली जाईल ही भीती. ती खोटी नाही. पण दोन दिवसांची खाडी पडली, की तिसऱ्या दिवशी त्या मुलाचा हात कुणाच्या सुईकडे जाईल, हेही तितकेच खरे आहे.