मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला

वाशीमच्या माणसाला बाळापूर परके नाही. १ जुलै १९९८ रोजी आपला जिल्हा वेगळा होईपर्यंत ही दोन्ही गावे एकाच अकोला जिल्ह्यात नांदत होती. तरीही मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर उभा असलेला तेथील किल्ला आपल्यापैकी कितीजणांनी थांबून पाहिला असेल?

किल्ला उंचवट्यावर आहे. उत्तम भाजलेल्या विटांच्या उंच भिंती, भक्कम बुरूज आणि एकाच्या आत एक असे दरवाजे ही त्याची वैशिष्ट्ये होत. पावसाळ्यात नद्या फुगल्या की पाणीच त्याचा खंदक होई. किल्ल्यालगत बाळादेवीचे देऊळ आहे. गावाला नाव तिच्यावरूनच मिळाले, असे मानतात.

किल्ल्याची सुरुवात औरंगजेबाचा पुत्र आजमशहा याने केली, अशी परंपरा आहे. त्यासाठी पुष्कळदा १७२१ हे साल दिले जाते. परंतु आजमशहा १७०७ मध्येच जाजऊच्या लढाईत मारला गेला होता. तेव्हा आरंभ त्याचा मानायचा, तर हे साल टिकत नाही. १७५७ मध्ये एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने बांधकाम पुरे केले, ही नोंद मात्र अधिक भरवशाची आहे.

या तटांचे दैव विलक्षण म्हटले पाहिजे. बाळापूरची सर्वांत मोठी लढाई १७२० च्या ऑगस्टमध्ये झाली. निजाम-उल्-मुल्काने आलमअलीखानाचा पराभव करून दख्खनचा मार्ग आपल्यासाठी मोकळा केला. ती लढाई उघड्या मैदानात झाली. किल्ला पुरा होण्यास अजून ३७ वर्षे होती. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, ते निजामाशी झालेल्या तहाने. ज्या भिंतींवर एवढा पैसा आणि एवढे श्रम खर्ची पडले, त्यांना डावलूनच वऱ्हाडाचे भवितव्य ठरले.

गाव मात्र भिंतींवर जगत नव्हते. अकबराच्या काळी बाळापूर हे वऱ्हाड सुभ्यातील एका परगण्याचे ठाणे होते. येथील विणकरांचे कापड आणि कागदी लोकांचा हातकागद प्रसिद्ध होता. नक्षबंदी सूफींची खानकाह येथे आहे. नदीकाठची कोरीव दगडी छत्री मिर्झाराजे जयसिंहांची म्हणून ओळखली जाते. पुरंदरचा तह करणारे हे जयसिंह १६६७ मध्ये बऱ्हाणपुरास वारले. देवीचे देऊळ, सूफींची खानकाह आणि रजपूत सरदाराची छत्री एकाच गावात नांदतात. बाळापूरचा खरा इतिहास हाच आहे.

आपल्या विदर्भातील ख्रिस्तसभेचा धागा अशाच एका किल्ल्याच्या गावाशी जुळलेला आहे. फ्रान्समधील आन्सी येथे तियू नदीच्या वर जिनिव्हाच्या सरदारांचा मध्ययुगीन किल्ला उभा आहे. १६०२ पासून संत फ्रान्सिस डी सेल्स यांनी बिशप म्हणून याच गावात वास्तव्य केले. १८३८ मध्ये फादर पीटर मेर्मिए यांनी येथेच त्यांच्या नावाचा मिशनरी संघ स्थापिला. त्याचे पहिले मिशनरी १८४५ मध्ये विशाखापट्टणमकडे निघाले, तेव्हा ते गाव फ्रान्समध्ये नव्हतेही. ते १८६० मध्ये तेथे सामील झाले. या संघाच्या कार्यातूनच १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला आणि १९५५ मध्ये त्याच भूमीतून आपला अमरावती धर्मप्रांत वेगळा झाला.

आन्सीचा किल्ला १९४७ पर्यंत सैन्याची बराक होता. १९५३ मध्ये गावाने तो विकत घेऊन नीट केला. आज तेथे संग्रहालय आहे. त्या नगराने आपला वारसा स्वतःच्या खांद्यावर घेतला.

वऱ्हाडात आपण ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी आहोत. म्हणून येथील इतिहास हा ‘इतरांचा’ इतिहास, असे मनात येणे शक्य आहे. पण तसे नाही. त्या नद्यांचे पाणी आणि ती काळी माती आपलीही आहे. दूरच्या आन्सीचे ऋण आपण कृतज्ञतेने स्मरतो. त्याच कृतज्ञतेने दारातल्या बाळापूरचीही ओळख मुलांना करून द्यावी. सत्ता बदलल्या आणि तट खचले, तरी गाव टिकते ते शेजाऱ्याची आठवण जपणाऱ्या माणसांमुळे.