वादळ किनारा ओलांडल्यानंतर : नांदेड-लातूर परिसरातील पूर्वसूचना व पूर्वतयारीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

चक्रीवादळ हा विषय मराठवाड्याच्या इतिहासलेखनात फारसा आढळत नाही. नांदेड व लातूर या जिल्ह्यांना समुद्र नाही. त्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढून घेणे, बंदरावर धोक्याचा बावटा चढविणे किंवा गाव रिकामे करून निवाऱ्यात जाणे हे अनुभव येथील लोकजीवनाचा भाग झाले नाहीत. दुष्काळ आणि १९९३ चा भूकंप या दोन आपत्तींनीच या प्रदेशाची स्मृती व्यापली आहे. तथापि, बंगालच्या उपसागरात निर्माण झालेली वादळे किनारा ओलांडल्यानंतर पश्चिमेकडे सरकतात आणि त्यांचे अवशेष गोदावरी-मांजरा खोऱ्यात पोहोचतात. वाऱ्याचा जोर ओसरतो, पाऊस मात्र ओसरत नाही. किनाऱ्यावर वादळाची पूर्वसूचना माणसांच्या स्थलांतराशी जोडली गेली, तर अंतर्भागात तिचा विचार प्रामुख्याने धरणातील पाण्याच्या अंगाने झाला. या भेदाची ऐतिहासिक कारणे व परिणाम यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

किनाऱ्यावरील पूर्वसूचनेची जडणघडण

भारतातील वादळ-सूचनेची व्यवस्था बंदरांच्या गरजेतून उभी राहिली. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यास झालेल्या भीषण वादळानंतर पुढच्याच वर्षी त्या बंदरात संकेत देण्याची पद्धत सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. प्रारंभी या सूचना जहाजांसाठी होत्या. किनाऱ्यावरील सामान्य माणसापर्यंत त्या पोहोचण्यास दीर्घ काळ जावा लागला. १९ नोव्हेंबर १९७७ रोजी आंध्र प्रदेशातील दिवी सीमा भागात दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ऑक्टोबर १९९९ मधील ओडिशाच्या महाचक्रीवादळातही सुमारे दहा हजार लोकांचा बळी गेला.

या अनुभवांतून पूर्वसूचनेचे स्वरूप पालटले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ वादळ ओडिशातील गोपाळपूरजवळ आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते आणि मृतांची संख्या काही दशकांपुरती मर्यादित राहिली. दोन वादळांची तीव्रता व मार्ग भिन्न असल्याने सरळ तुलना करता येत नाही. परंतु सूचना आणि कृती यांमधील अंतर कमी झाले, हे यातून स्पष्ट होते. १९९९ पासून हवामान खात्याच्या चार टप्प्यांच्या सूचनापद्धतीत किनारा ओलांडल्यानंतरच्या परिस्थितीचा अंदाज हा शेवटचा टप्पा समाविष्ट झाला. वादळ जमिनीवर येण्याच्या किमान बारा तास आधी दिल्या जाणाऱ्या या अंदाजात अंतर्भागातील हवामानाचाही उल्लेख असतो. मराठवाड्याच्या दृष्टीने हाच टप्पा सर्वांत महत्त्वाचा होय.

निजाम राजवटीचा वारसा

नांदेड आणि लातूर हे प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस उपसागराकडून आलेल्या वादळी पावसाने मुसी नदीला महापूर आला. २८ सप्टेंबर रोजी राजधानी हैदराबादेत हाहाकार उडाला. सुमारे पंधरा हजार लोक दगावल्याचे सांगितले जाते. अफजलगंज भागातील इस्पितळाच्या आवारात चिंचेच्या झाडावर चढलेल्या दीडशेच्या आसपास लोकांचे प्राण वाचले. ते झाड पुढे या महापुराचे स्मारकच ठरले.

या आपत्तीनंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले आणि त्यांच्या योजनेनुसार पुढील दोन दशकांत उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय उभे राहिले. वादळी पावसाला उत्तर म्हणजे वरच्या अंगाला पाणी अडविणे, हा विचार येथे दृढ झाला. तो चुकीचा नव्हता. त्या जलाशयांनी शहराला पिण्याचे पाणीही दिले. मात्र पाणी अडविण्याच्या व्यवस्थेबरोबर नदीकाठच्या माणसाला वेळेवर हलविण्याची व्यवस्था त्याच वेगाने वाढली नाही.

‘गुलाब’ वादळ आणि मराठवाडा

या उणिवेचा प्रत्यय ११३ वर्षांनी आला. २६ सप्टेंबर २०२१ रोजी सायंकाळी ‘गुलाब’ हे चक्रीवादळ आंध्र प्रदेशातील कलिंगपट्टणमच्या उत्तरेस किनाऱ्यावर आले. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी ७५ ते ८५ किलोमीटर होता. आंध्र व ओडिशातील किनारी गावांतून लोकांना आधीच हलविण्यात आले होते. जमिनीवर येताच त्याचा जोर घटला, आणि सरकारी परिभाषेत ते ‘चक्रीवादळ’ न राहता प्रथम तीव्र कमी दाबाचे क्षेत्र व नंतर कमी दाबाचा पट्टा झाले. नाव उतरले, तशी सर्वसामान्यांच्या मनातील धास्तीही उतरली.

कलिंगपट्टणमपासून नांदेडचे अंतर सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर आहे. हे अंतर कापण्यास त्या प्रणालीला दीड दिवसाच्या आसपास वेळ लागला. विदर्भ व मराठवाड्यात अतिवृष्टी होण्याचा इशाराही हवामान खात्याने दिला होता. म्हणजे सूचना होती आणि वेळही होता. तरीही २७ व २८ सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात दाणादाण उडाली. मांजरा धरणाचे सर्व १८ दरवाजे उघडावे लागले. लातूर जिल्ह्यात नदीकाठी अडकलेल्या लोकांना होड्या व हेलिकॉप्टर यांच्या साहाय्याने बाहेर काढण्यात आले. २८ सप्टेंबर रोजी नांदेडहून नागपूरकडे निघालेली राज्य परिवहन महामंडळाची बस यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावरील पुलावरून वाहून गेली आणि काहींना प्राण गमवावे लागले. काढणीस आलेले सोयाबीन शिवारातच कुजले. पुढे हीच प्रणाली अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ या नव्या नावाने ओमानला पोहोचली. समुद्रावर तिला दोनदा नाव मिळाले. मधल्या प्रवासात, मराठवाड्यावर बरसताना, ती निनावी होती.

भरलेल्या धरणाचा पेच

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. सूचना असताना धरणे आधीच काही प्रमाणात रिकामी का करता आली नाहीत? त्याचे उत्तर या प्रदेशाच्या दुष्काळी स्मृतीत आहे. सप्टेंबरअखेर जलाशय भरलेला असावा, हीच जलनियोजनाची अपेक्षा असते. कारण त्यावर रब्बी हंगाम व उन्हाळ्यातील पिण्याचे पाणी अवलंबून असते. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या शहराने हे दिवस पाहिले, तेथे केवळ अंदाजाच्या आधारे पाणी सोडून देण्याचा निर्णय कोणत्याही अधिकाऱ्यास सोपा नाही. अंदाज चुकला तर उन्हाळ्यात जाब द्यावा लागतो. तो खरा ठरला तर पुराच्या रात्री. त्यामुळे परतीच्या पावसाच्या तोंडावर आलेले वादळ नेमके भरलेल्या धरणांना गाठते. धरण पाणी थोपवू शकत नसेल, तर माणसांना हलविणे एवढाच मार्ग उरतो.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपाने किल्लारी व सास्तूर परिसर उद्ध्वस्त केला. आदल्या वर्षी किल्लारी परिसरात धक्के जाणवले होते; पण मोठा धक्का केव्हा येईल हे सांगणारी कोणतीही विद्या उपलब्ध नव्हती. त्यानंतर ५२ गावांचे पुनर्वसन झाले आणि राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचे जिल्हानिहाय आराखडे तयार होऊ लागले. २००५ च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणांची तरतूद झाली. भूकंपाने वेळ दिला नाही, म्हणून या व्यवस्थेचा भर मदत व पुनर्वसनावर राहणे स्वाभाविक होते. वादळ मात्र दीड-दोन दिवसांची मुदत देते. त्या मुदतीचा उपयोग करण्याची सवय या प्रदेशाला अद्याप लागावयाची आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, किनाऱ्यावरील समाजाने वादळाची पूर्वतयारी मोठी किंमत मोजून शिकून घेतली. मराठवाड्याने पाणी साठविण्याची विद्या तितकीच किंमत मोजून आत्मसात केली. या दोन्ही अनुभवांचा मेळ घालणे हे पुढील काम होय. त्यासाठी फार मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. उपसागरातील वादळ पश्चिमेकडे वळल्याचे कळताच पुलांवरून पाणी वाहू लागण्यापूर्वी वाहतूक थांबविणे, नदीकाठच्या वस्त्यांना तलाठी, पोलीस पाटील व कोतवाल यांच्यामार्फत दवंडी देणे, काढलेले सोयाबीन उंचावर नेऊन ताडपत्रीने झाकण्यास शेतकऱ्याला एक दिवस आधी सांगणे, एवढे झाले तरी हानी पुष्कळ घटेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये राज्य शासनाने आपद्‌ग्रस्त शेतकऱ्यांसाठी दहा हजार कोटी रुपयांची मदत जाहीर केली. ती आवश्यकच होती. परंतु मदत पुरानंतर पोहोचते, आणि पुलावर गेलेली बस परत वळविण्यासाठी लागणारी सूचना पुरापूर्वीच पोहोचावी लागते.