जनरल हॉइट एस. व्हँडेनबर्ग (क्षेपणास्त्र-मागोवा जहाज)

अमेरिकेचे सैन्यवाहू जहाज; पुढे क्षेपणास्त्रांचा माग काढण्यासाठी रूपांतरित. लांबी सुमारे १५९ मी. कॅलिफोर्नियातील रिचमंड येथे कायझर कंपनीच्या गोदीत बांधलेल्या या जहाजाचे जलावतरण ऑक्टोबर १९४३ मध्ये झाले आणि मे १९४४ मध्ये ते ‘जनरल हॅरी टेलर’ या नावाने नौदलात दाखल झाले. एका फेरीत तीन हजारांहून अधिक सैनिक नेण्याची त्याची क्षमता होती. दुसऱ्या महायुद्धात त्याने सैन्याची ने-आण केली. युद्धानंतर युरोपातील विस्थापितांना आणि १९५६ च्या उठावानंतर देश सोडलेल्या हंगेरियन निर्वासितांना त्याने अमेरिकेत पोहोचवले. ही कामगिरी युद्धातल्या फेऱ्यांपेक्षा कमी मोलाची नाही.

१९६१ मध्ये हवाई दलाने ते ताब्यात घेतले. १९६३ मध्ये त्याला हवाई दलाचे दुसरे प्रमुख व्हँडेनबर्ग यांचे नाव मिळाले, तर १९६४ मध्ये जहाज पुन्हा नौदलाकडे आले. ‘जनरल आर. ई. कॅलन’ या त्याच्याच वर्गातील जहाजाचेही असेच रूपांतर झाले. ते ‘जनरल एच. एच. आर्नल्ड’ म्हणून ओळखले गेले.

रूपांतराची गरज भूगोलातून आली. फ्लोरिडातील केप कॅनाव्हरल येथून सुटलेली क्षेपणास्त्रे अटलांटिकवरून हजारो किलोमीटर जात. मागोव्याची केंद्रे अँटिग्वा, असेन्शन अशा बेटांवर होती. मधल्या अथांग पाण्यावर मात्र काहीच नव्हते. क्षेपणास्त्राचे अग्र वातावरणात परत शिरते ती शेवटची काही मिनिटे टिपण्यासाठी जहाजच हवे होते. म्हणून सैनिकांच्या जहाजावर प्रचंड तबकडी अँटेना, रडार आणि दूरमापनाची यंत्रणा बसली. खरी कसोटी होती ती लाटांवर. तबकडीच्या दिशेत अंशाच्या दहाव्या भागाइतकी चूक झाली, तरी हजार किलोमीटरवरील लक्ष्याची जागा पावणेदोन किलोमीटरने हुकते. त्यामुळे जहाज कुठे आहे, किती कलले आहे, कुठल्या बाजूला डोलते आहे, याचे मोजमाप सतत घेऊन ते रडारच्या नोंदींतून वजा करावे लागे. जहाजाच्या खऱ्या थोरवीचा भाग हाच. अशा जहाजांची गरज आजही संपलेली नाही. भारताने २०२१ मध्ये सेवेत घेतलेले ‘ध्रुव’ मात्र विशाखापट्टणम येथे याच कामासाठी मुद्दाम बांधलेले आहे.

क्षेपणास्त्र चाचण्यांबरोबर अंतराळ मोहिमांनाही साहाय्य करून व्हँडेनबर्ग १९८३ मध्ये निवृत्त झाले आणि व्हर्जिनियातील जेम्स नदीत राखीव ताफ्यात उभे राहिले. १९९३ मध्ये त्याचे नाव नौदलाच्या यादीतून काढले गेले. १९९९ च्या ‘व्हायरस’ या चित्रपटात ते रशियन जहाज म्हणून दिसते. त्या वेळी रंगवलेली रशियन अक्षरे नंतरही त्याच्या अंगावर राहिली.

शेवटी अ‍ॅस्बेस्टॉस, विद्युत तारा व अन्य घातक द्रव्ये काढून जहाज साफ करण्यात आले आणि २७ मे २००९ रोजी फ्लोरिडातील की वेस्टजवळ स्फोटांच्या साहाय्याने बुडवण्यात आले. दोन मिनिटांच्या आत ते तळाशी गेले आणि सरळ उभे टेकले. सागरी जीवांना आसरा देणारी कृत्रिम प्रवाळभिंत म्हणून ते आता तिथे आहे. तळ सुमारे ४३ मी. खोल आहे, तबकड्या व वरचे मजले बरेच उथळ असल्याने पाणबुड्यांना ते पाहता येतात, पण खालच्या भागात उतरण्यासाठी खोल पाण्याचे विशेष प्रशिक्षण लागते.