पोफळीच्या सोबतीचा मिरवेल

पश्चिम किनाऱ्यावरील वाडींत झाड एकटें वाढविण्याची चाल नाहीं. माडापोफळीच्या पायाशीं कांहीं लावलेलें नसेल तर तितकी जागा वायां गेली, असें कोंकणांतील बागाइतदार मानीत आला. गोमांतकांत तर अशा मिश्र बागेस कुळागर हें स्वतंत्र नांवच आहे. ही रीत किती जुनी, हें मात्र परक्यांच्या लेखणींतून कळावें, हें नवल! चौदाव्या शतकांत मलबारांत आलेल्या इब्न बतूतानें माडांवर चढविलेला मिरवेल पाहून त्यास द्राक्षवेलीची उपमा दिली. १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्त यानेंहि मिरवेलास दुसऱ्या झाडाचा आधार लागतो हें नोंदलें. गेरसोप्प्याच्या चेन्नभैरादेवीस तर पोर्तुगीज मिऱ्यांची राणी म्हणत. ज्या मिऱ्यांसाठीं वास्को द गामा १४९८ सालीं आफ्रिकेस वळसा घालून आला, त्यांचा वेल असा दुसऱ्याच्या खांद्यावर वाढणारा.

ही सोबत आंधळी नव्हे. कोंवळ्या पोफळीचें खोड नैर्ऋत्येच्या उन्हानें करपतें. म्हणून आधीं केळ लावून तिच्या सावलींत रोप वाढवितात. पोफळ उंच झाली कीं केळीचें हें काम सरतें व मिरवेलाची पाळी येते. पोफळीस पाणी भरपूर लागतें. परंतु तेंच पाणी तुंबलें तर मिरवेलास मर लागते. निचऱ्याचे पाट चुकले, तर वर्षांची कमाई एका पावसाळ्यांत जाते.

माडाचा हिशेब निराळा. ७.५ मीटर अंतरावर लावलेल्या माडाचीं बहुतेक मुळें बुंध्यापासून २ मीटरांच्या आंतच असतात. म्हणजे सुमारें २२ टक्केच जमीन त्याच्या उपयोगीं पडते. उरलेल्या जागेंत जायफळ, दालचिनी, अननस सुखानें नांदतात. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें अशा मसाल्याच्या नारळबागेस 'लाखी बाग' हें नांव देऊन तिचा प्रसार केला. त्यांत जायफळ मोठें फसवें. बियांपासून वाढविलेलें झाड नर कीं मादी, हें फूल येईपर्यंत, म्हणजे पांचसात वर्षें, कळत नाहीं. आणि चार गुंठ्यांच्या वाडींत दोन नर निघाले तर घरधन्यानें करावें काय? मादी झाडाच्या कलमांनीं ही अडचण आतां बरीच दूर केली आहे. परागासाठीं मात्र एखादा नर जवळपास ठेवावाच लागतो.