सिरियल टर्मिनल : पडदा व कळफलक यांची जुळणी

सिरियल पोर्टातून एकामागून एक येणाऱ्या बिटांची अक्षरे करून ती पडद्यावर दाखवणारी आणि दाबलेल्या कळांचे संकेत पलीकडच्या यंत्राकडे पाठवणारी आज्ञावली. पुटी, टेरा टर्म आणि मिनिकॉम या आज प्रचारात आहेत. मुळात टर्मिनल हे स्वतंत्र यंत्रच होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ मध्ये आणलेल्या व्हीटी१०० चा ८० स्तंभ व २४ ओळींचा पडदा या आज्ञावल्या अजूनही वठवतात.

नाशिक जिल्ह्यात याचे रोजच्या वापरातले ठिकाण म्हणजे भुईकाटा. नांदगाव, मनमाड, लासलगाव या भागात कांद्याची ट्रॅक्टर-ट्रॉली आधी भरलेली व मग रिकामी काट्यावर चढते. काट्याचा डिजिटल इंडिकेटर वजन आरएस-२३२ तारेने संगणकाला कळवतो आणि पावती छापली जाते. पावतीवर भलतेच काही उमटू लागले की कारागीर आधी टर्मिनल उघडून तारेतून नेमके काय येते ते पाहतो. येथली जुळणी बदलल्याने वजन बदलत नाही. काट्याचे प्रमाणीकरण वैधमापन खात्याच्या शिक्क्याखाली असते.

दोन्ही टोकांचा वेग, बिटांची संख्या आणि पॅरिटी एकच असावी लागते. सर्वाधिक आढळणारी जुळणी ९६०० बॉड, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी आहे. या वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे जातात, म्हणजे पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद. वेग चुकला तर सगळाच कचरा दिसतो आणि दोष लगेच कळतो. पॅरिटीची चूक जास्त फसवी. इंडिकेटर ७ बिट व सम पॅरिटीने पाठवत असेल आणि टर्मिनल ८ बिटांवर असेल, तर ०, ३, ५, ६, ९ हे अंक बरोबर उमटतात. १, २, ४, ७, ८ यांच्या जागी मात्र भलती चिन्हे येतात, कारण त्यांच्या संकेतात एकांची संख्या विषम असल्याने पॅरिटीचा बिट चढतो. रिकाम्या ट्रॉलीचे ३६५० किलो स्वच्छ दिसतात, भरलेल्या गाडीचे १२४८० मोडतात, आणि दोष उगाचच काट्यावर ढकलला जातो.

टाइप केलेले प्रत्येक अक्षर दोनदा दिसत असेल तर लोकल एको बंद करावा. मुळीच दिसत नसेल तर चालू करावा. ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत असतील तर पलीकडचे यंत्र फक्त लाइन फीड पाठवते आहे; टर्मिनलने त्यासोबत कॅरेज रिटर्न स्वतः धरावा, अशी सोय बहुतेक आज्ञावल्यांत असते.

कळफलकाच्या तक्रारी बहुधा बॅकस्पेसपाशी सुरू होतात. ती कळ ८ हा संकेत पाठवते की १२७, हे ठरवावे लागते. पुटी मुळातून १२७ पाठवते, टेरा टर्म ८. पलीकडच्या यंत्राला दुसराच हवा असेल तर अक्षर खोडले जात नाही, नवीच चिन्हे उमटतात. कंट्रोल-एस चुकून दाबले गेले तर पडदा गोठतो. कंट्रोल-क्यू दाबले की सुटतो. तीनच तारांची केबल असताना हार्डवेअर फ्लो कंट्रोल चालू ठेवले, तर पडद्यावर मजकूर येत राहतो पण कळफलक मेल्यासारखा वाटतो.

मराठी मजकुराला आठवा बिट अनिवार्य ठरला. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे व सहकाऱ्यांनी घडवलेले जिस्ट तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅककडे आले. जिस्ट टर्मिनलमुळे युनिक्ससारख्या बहुवापरकर्ता संगणकांवर भारतीय लिप्या दिसू लागल्या. १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातील इस्की संकेतात इंग्रजी खालच्या १२८ जागांत व देवनागरी वरच्या जागांत आहे. मधल्या एखाद्या दुव्याने आठवा बिट छाटला, की ‘नांदगाव’ या शब्दाचे एफ, झेड, दुहेरी अवतरणचिन्ह, डी, ५, झेड, टी असे होते. अशा अर्थहीन पण सुवाच्य इंग्रजी अक्षरांवरून ७ बिटांची जुळणी ओळखता येते.

याच मानकात इन्स्क्रिप्ट कळफलकाचा आराखडा आहे. त्यात स्वर डाव्या हाताखाली, बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली. मराठीला लागणारा ळ शिफ्ट-एनवर मिळतो; ‘दऱ्या’मधील अर्धा र शिफ्ट-जेवरच्या ऱ पासून साधतो. हा आराखडा सध्या कार्यप्रणालीच पुरवते. टर्मिनलमध्ये तो वेगळा निवडावा लागत नाही.

आता संकेत यूटीएफ-८ असतो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. सात चिन्हांच्या ‘नांदगाव’ला २१ लागतात. जुनी लॅटिन संकेतप्रणाली निवडलेली राहिली तर दर तिसऱ्या बाइटला डोक्यावर तिरपी रेघ असलेला तोच रोमन ए दिसतो. संकेत बरोबर असूनही जोडाक्षरे व वेलांट्या विस्कटतात, कारण टर्मिनलचा पडदा समान रुंदीच्या चौकटींचा असतो आणि कान्याला किंवा वेलांटीला किती चौकटी द्यायच्या यावर आज्ञावल्यांचे एकमत नाही. कर्सर एका जागी दिसतो, खोडले जाते दुसऱ्याच जागी. फाँट बदलून हा दोष फारसा हटत नाही, म्हणून मराठी मजकुराची दुरुस्ती टर्मिनलमध्ये न करता फाइल संगणकावर आणून साध्या संपादकात केलेली बरी.