आरंभी…

आमच्या उपनगरातल्या संगीत मंडळाचे जुने कागद लावायचे काम तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. काम म्हणजे दोन पत्र्याच्या ट्रंका. आत पावतीपुस्तके, हिशेबाच्या वह्या, तबला-तंबोऱ्यांच्या भाड्याची बिले आणि कार्यक्रमपत्रिकांचे गठ्ठे. पत्रिकांवर मोठ्या ठशात मुख्य गायकाचे नाव असे, आणि त्याच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत एक ओळ : ‘आरंभी कु. अमुक यांचे गायन’, ‘प्रारंभी चि. तमुक’. मोठ्या ठशातली नावे मला सगळी ठाऊक होती. बारीक अक्षरांतल्या नावांपैकी चार-पाचच ओळखीची निघाली. मी मोजत गेले आणि अस्वस्थ होत गेले. ‘आरंभी’ गायलेली ही मुले पुढे गेली कुठे? आणि जी थोडी पुढे मोठ्या ठशात आली, ती नेमकी कशाच्या बळावर?

उत्तर शोधताना मी ट्रंकांच्या बाहेर पडले आणि तीन मुलांपाशी येऊन थांबले. तिघेही तीन वर्षांच्या अंतरात जन्मलेले : दत्तात्रेय विष्णू पलुसकर 1921, भीमसेन जोशी 1922, आणि शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजे आपले कुमार गंधर्व, 1924. तिघांचीही नावे आज आपण एका दमात घेतो, पण तिघे रंगमंचावर आले ते तीन निराळ्या दरवाजांतून.

त्या आधीच्या पिढीला दरवाजा शोधावा लागत नसे. नाटक कंपनी होती. गळा बरा असलेला मुलगा कंपनीत जाई, तिथे तालीम मिळे, जेवण मिळे आणि गावोगावचा श्रोता आपोआप मिळे. बालगंधर्व 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले ते असेच. सवाई गंधर्वांचे नाव मराठी घरांत पोचले तेही रंगभूमीवरूनच. गोव्याच्या कुर्डी गावची मोगूबाई लहानपणी नाटकमंडळीत होती. सांगलीत ती रियाझ करत असताना उपचारांसाठी तिथे राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांच्या कानावर तो आवाज पडला आणि ते स्वतःहून शिकवायला आले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. मात्र त्यानंतर रीतसर गंडाबंधन व्हायला 1934 साल उजाडले, ही गोष्ट तेवढीशी सांगितली जात नाही. मधल्या काळात खाँसाहेब मुंबईला गेले, मोगूबाईही मागोमाग गेल्या, तालीम तुटली, दुसऱ्या घराण्याच्या गवयांकडे शिकावे लागले, पुन्हा जुळले. तेव्हा ‘गुरूने आवाज ऐकला आणि भाग्य उजळले’ या वाक्यात मधली बारा-चौदा वर्षे गिळलेली असतात.

1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, बोलपट मराठी बोलू लागला आणि नाटक कंपन्यांची घरे बसू लागली. माझी तीन मुले तेव्हा आठ ते अकरा वर्षांची होती. नाटकाचा दरवाजा त्यांच्या तोंडावरच मिटला, असे म्हणायला हरकत नाही. त्याच्या जागी ग्रामोफोनची तबकडी आली होती, मुंबईत 1927 पासून रेडिओ सुरू झाला होता, आणि गावोगाव संगीत परिषदा भरू लागल्या होत्या.

दत्तात्रेयाची गोष्ट पहिली. वडील पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. गायकाला तिकीट लावलेल्या सभेत सन्मानाने बसवायचे, त्यासाठी शिकलेला श्रोता तयार करायचा, आणि हे दोन्ही व्हावे म्हणून विद्यालय काढायचे, हा सगळा संसार त्यांनी उभा केला. 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय, 1908 मध्ये मुंबईला. मुंबईची इमारत कर्जापायी 1924 मध्ये लिलावात गेली. 1931 च्या ऑगस्टमध्ये पंडितजी वारले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. त्याच्या वाट्याला वडिलांची इमारत आली नाही, शिष्य मात्र आले. विनायकबुवा पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला घडवले, आणि 1935 मध्ये, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरवल्लभ मेळ्यात तो पहिल्यांदा मोठ्या सभेपुढे गायला. ही सभा 1875 पासून चालत आलेली, डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत भरणारी. पंजाबात विष्णु दिगंबरांचे नाव अजून ताजे होते. मुलाला ऐकायला बसलेल्यांपैकी अनेकांच्या मनात बाप होता, हे उघड आहे. अशा मुलाला सुरुवात सोपी असते असे आपण म्हणतो. मला तसे वाटत नाही. त्याच्याकडून नवे काही कोणी मागतच नाही. हरवलेले परत आण, एवढेच मागतात. त्याने ते दिले आणि वर स्वतःचे गाणेही दिले, हा त्याचा मोठेपणा. 1955 च्या ऑक्टोबरमध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याच्या सुरुवातीला उणीपुरी वीस वर्षे झाली होती.

त्याच जालंधरात, त्याच सुमारास, दुसरा मुलगा भटकत होता. गदगचा भीमसेन 1933 मध्ये घरातून पळाला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची तबकडी कानात बसली होती, तसे गायला शिकायचे होते. बिनतिकिटाचा रेल्वेप्रवास, डब्यात गाणी म्हणून पोट भरणे, ग्वाल्हेरच्या माधव संगीत विद्यालयात काही काळ, मग कोलकाता, दिल्ली, जालंधर. हरवल्लभ मेळ्यात त्याला भेटले विनायकबुवा पटवर्धन. त्यांनी जो सल्ला दिला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इतक्या लांब कशाला आलास, तुझ्या घराजवळच कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा, असा त्याचा आशय. विनायकबुवांनी त्याला आपल्या विद्यालयात ओढले नाही. दुसऱ्या घराण्याच्या गवयाचा पत्ता दिला. मुलाच्या गळ्याला काय हवे ते ओळखणे आणि ते आपल्यापाशी नाही हे मान्य करणे, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. शिफारसपत्रे पुष्कळजण देतात. अशी पाठवणी फारजण करत नाहीत.

1936 मध्ये भीमसेन कुंदगोळला आला. घागरी भरून पाणी आणणे हे पहिले शिक्षण, तोडी, मुलतानी, पुरिया हे पुढचे. तिथेच पुढे काही वर्षांनी हुबळीहून संध्याकाळच्या गाडीने गंगूबाई हनगल शिकायला येत, आणि परतीच्या वेळी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला हा मुलगा जाई. गंगूबाईंची सुरुवात मी मुद्दाम इथे सांगते. 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, गांधीजींच्या उपस्थितीत, स्वागतगीत गाणाऱ्या मुलींत त्या होत्या. वय अकरा. इतका मोठा मंच इतक्या लवकर आणखी कोणाला मिळाला? पण त्या दिवसाची त्यांनीच सांगितलेली आठवण वेगळी आहे. गाणे झाल्यावर आपल्याला, आपली जात पाहून, उष्टी पाने काढायला सांगतील की काय ही भीती त्यांच्या मनात होती. गाण्यापेक्षा ती धास्तीच मोठी. पुढे त्यांच्या तबकड्या निघाल्या त्यांवर ‘गांधारी हुबळी’ हे नाव होते. रंगमंच मिळणे आणि त्या रंगमंचावर निर्धास्त बसता येणे यांत केवढे अंतर असते, ते आमच्या ट्रंकेतल्या कोणत्याही पत्रिकेवरून कळायचे नाही. ‘आरंभी कु. अमुक’ एवढेच तिथे छापलेले असते.

तिसरा मुलगा सर्वांत लहान आणि सर्वांत गाजलेला. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र. तबकडी ऐकावी आणि जशीच्या तशी गाऊन दाखवावी, हे त्याला अगदी लहानपणी साधले. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी इथेही आहेच. एकच तबकडी ऐकून एक मुलगा घर सोडून पळाला, दुसऱ्याने ती बसल्या जागी गिळली! एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले आणि ते नाव चिकटले. वडील सिद्धरामय्या त्याला घेऊन गावोगाव जलसे करत. 1935 मध्ये अलाहाबादची परिषद झाली आणि 1936 मध्ये मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांनी भरवलेल्या परिषदेत, जिना हॉलमध्ये, तो गायला.

हा हॉल लॅमिंग्टन रोडवरच्या काँग्रेस हाउसच्या आवारात आहे. लॉर्ड विलिंग्डनच्या निरोपसमारंभाला विरोध केल्याबद्दल जिनांच्या सन्मानार्थ लोकवर्गणीतून तो उभा राहिला, हा इतिहास आता तिथून जाणाऱ्यांनाही माहीत नसतो. त्या सभेत मुंबईतले नामवंत गवई समोर बसलेले, आणि अकरा-बारा वर्षांचा मुलगा त्यांच्यातल्याच काहींच्या चिजा त्यांच्याच ढंगात गातोय. टाळ्या, बक्षिसे, पदके. दुसऱ्या दिवसापासून मुंबईत तोच विषय.

आता खरा प्रश्न. त्यानंतर काय करायचे? बाजाराचे उत्तर सोपे होते : आणखी जलसे. मुलगा लहान आहे तोवरच ही नवलाई, आवाज फुटला की संपली. अशा नवलाईची किती मुले आवाज फुटल्यावर कुठे दिसेनाशी झाली, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. देवधरांनी वेगळे उत्तर दिले. मुलाला ऑपेरा हाउसजवळच्या आपल्या विद्यालयात ठेवून घेतले, शिकवले, आणि पुढली सुमारे अकरा वर्षे तो तिथे होता. देवधर स्वतः विष्णु दिगंबरांचे शिष्य, पण एका घराण्याच्या कुंपणात राहणारे नव्हेत. त्यांच्याकडे नाना घराण्यांचे गवई येत-जात आणि मुलगा ते सगळे ऐके. भेंडीबाजारच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही तो शिकला. अंजनीबाई स्वतः सोळाव्या वर्षी, 1899 मध्ये, मुंबईत पहिल्यांदा बैठकीला बसलेल्या. तरुणपणीच आवाज गमावून तो परत मिळवलेल्या. आणि 1923 मध्ये, चाळिशीत, मैफली थांबवलेल्या. लवकर सुरुवात झालेल्या गळ्याचे काय होते, हे त्या मुलाला सांगायला याहून योग्य माणूस मुंबईत नसेल.

देवधरांचे काम आज मला आयोजक म्हणून नव्हे, तर थांबवणारा म्हणून मोठे वाटते. जिना हॉलची सभा त्यांनीच भरवली होती, यशाचा धनी व्हायला ते मोकळे होते. त्यांनी नक्कल करणाऱ्या मुलाला नकलेच्या पलीकडे जायला वेळ दिला. पुढे 1947-48 मध्ये आजार, देवासचे वास्तव्य, पाचेक वर्षांचे मौन आणि त्यातून उठलेले कुणाच्याच नकलेत न बसणारे गाणे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आजाराला त्याचे श्रेय देण्याची आपली सवय आहे. मी त्यातला निदान काही वाटा त्या अकरा वर्षांना देईन.

भीमसेन मात्र 1943 मध्ये मुंबई रेडिओवर होते, तबकड्याही निघू लागल्या होत्या, पण ज्या दिवशी पुण्याने त्यांना आपले मानले तो 1946 च्या जानेवारीत. सवाई गंधर्वांच्या षष्ट्यब्दीचा समारंभ, हिराबाग. गुरूच्या साठीला शिष्याचे गाणे. 1952 मध्ये गुरू गेले आणि 1953 पासून त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू झाला. पुण्याच्या या उत्सवात पुढल्या कित्येक तरुण गायकांचे, वादकांचे नशीब एका दुपारीत ठरले. कारण दुपारी, मंडप भरत असताना, खुर्च्या सरकत असताना, चहाच्या स्टॉलवरून लोक येत असताना, नव्याला बसवायची रीत पडली. त्या अर्ध्या लक्षाच्या श्रोत्याला गप्प बसवणे हीच परीक्षा.

दुसरी परीक्षा सरकारी. 1952 मध्ये केसकर माहिती खात्याचे मंत्री झाले, आकाशवाणीवर ऑडिशन आणि श्रेणी आल्या, रातंजनकरांसारखे विद्वान परीक्षक झाले. नामवंतांनी संताप केला, निषेध झाले. पण आमच्या ट्रंकेत साठनंतरच्या पत्रिकांवर ‘आरंभी’च्या नावापुढे कंसात ‘आकाशवाणी कलाकार’ दिसू लागते. आडगावच्या, ज्याला ना बाप गवई ना गावात मंडळ, अशा मुलाला तेवढ्या दोन शब्दांनी उभे केले. निषेध करणाऱ्यांकडे नाव आधीच होते.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाकडे एक बाप दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मोबाइलवर ध्वनिचित्रफिती, लाखांत पाहणारे. मुलगी किशोरीताईंचा भूप जसाच्या तसा गायली, श्वासाच्या जागांसह. समितीतले सगळे हरखून गेले. डिसेंबरचा मोठा कार्यक्रम देऊ, असे ठरत होते. मी विरोध केला. मुलगी ज्यांच्याकडे शिकते त्या बाईंना आधी विचारू, म्हणाले. बाप म्हणाला, “मॅडम, आत्ता नाही तर केव्हा? दोन वर्षांनी हिला कोण विचारणार आहे?” त्याचे चुकीचे नव्हते. सिद्धरामय्यांनाही हेच वाटले असणार.

बाईंना मी फोन केला. त्या पुष्कळ वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, “ताई, मला तिनं सांगितलंच नव्हतं की ती भूप गाते म्हणून. आम्ही अजून अलंकारांवर आहोत.”

डिसेंबरचा कार्यक्रम आम्ही दुसऱ्याला दिला. समितीत दोघे अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. मुलीला मात्र दर महिन्याच्या बैठकीत तंबोऱ्यावर बसायला बोलावले. पहिल्या दोन महिन्यांत ती आली नाही. तिसऱ्या महिन्यात एकटीच आली, आईबरोबर. बापाने येऊ दिले का, हे मी विचारले नाही. तंबोरा तिच्याहून उंच होता. त्या रविवारच्या पत्रिकेवर ‘आरंभी’च्या ओळीत नाशिकचा एक तेवीस वर्षांचा मुलगा होता, ती त्याच्या मागे बसून दीड तास चार तारा छेडत राहिली आणि मध्येच एकदा, त्याची एक तान समेवर आली तेव्हा, हात थांबवून हसली. मग तिच्या लक्षात आले, आणि तिने घाईघाईने पुन्हा पंचमावर बोट ठेवले.