नॅपकिन

टेबल मांडताना ‘नॅपकिनच्या घड्या घालून ठेव’ असं आपण सहज म्हणतो. या नॅपकिनचं मूळ लॅटिन ‘माप्पा’त आहे. माप्पा म्हणजे हात-तोंड पुसायचं कापड. हा शब्द उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजकडचा, असं रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन सांगतो. रोमन पाहुणा स्वतःचा माप्पा घेऊन जेवायला जाई आणि उरलेले पदार्थ त्यात बांधून घरी आणी. रथांच्या शर्यतीही माप्पा खाली टाकूनच सुरू होत. किती देखणी इशारत!

फ्रेंचमध्ये ‘म’चा ‘न’ होऊन ‘नाप’ झालं, अर्थ टेबलावरची चादर. इंग्रजीत त्याला लहानपणा दाखवणारा ‘किन’ जोडला गेला. ‘मॅप’ हा याच घरातला, कारण नकाशे कापडावर काढत. अ‍ॅप्रनही याच कुळातला: ‘अ नॅप्रन’चं बोलता बोलता ‘अ‍ॅन अ‍ॅप्रन’ झालं.

मराठीत मात्र बेसिनजवळचा छोटा टॉवेलही नॅपकिन आणि हॉटेलातला कागदही नॅपकिनच. पाहुण्यांसाठी घेताना दुकानात ‘जेवणाच्या टेबलाचे, सुती’ असं स्पष्ट सांगा. घरी धुतल्यावर खळ बेताची घाला. कडक खळीचं कापड घडीला छान दिसतं, पण ओठांवरची आमटी टिपत नाही.